ओवरची लाट

जानेवारीत कुरेसारेच्या धक्क्यावर बोटी कमी,
पत्रं मात्र हजारानं.
बिनव्याजी कर्ज. केस उगवणारं तेल. कुण्या विधवेचं सोनं.
आणि त्या ढिगाच्या तळाशी
कुणीतरी विचारतंय, उद्या बोट सुटणार का.

तार्मो म्हणाला, चाळणी लाव.
लावली.
टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर.
चांदणी म्हणजे आधीचं कितीही वेळा,
एकदाही नसलं तरी चालेल.
दोन रात्री शिकण्यात गेल्या,
तिसऱ्या रात्री वाटायला लागलं,
जगातलं काहीही सात-आठ खुणांत पकडता येतं.
नवऱ्यासाठीसुद्धा मनात एक नियम केला:
‘बघू’नं सुरू होणारं सगळं
तळघरात.

चौदावा नियम असा:
विषयाच्या ओळीत बरोबरचं चिन्ह
आणि त्याला चिकटून प्रश्नचिन्ह,
की पत्र खड्ड्यात.
सरळ माणसं असं कशाला लिहितील?

तीन आठवडे शांतता.
तार्मोनं वेलचीचा पाव आणला.

फेब्रुवारीत समुद्र गोठला.
आब्रुकाहून म्हातारा विलेम कर्गे आला,
पायानं रेटायची घसरगाडी दाराला टेकवून, मिशीत बर्फ.
खिडकीशी वाकून म्हणाला,
“बाई, तुमच्या यंत्राला माझं नाव रुचत नाही वाटतं.”
मी हसले. म्हातारी माणसं बोलतात काहीबाही.
त्याला दोन जागा हव्या होत्या,
एक आडवं पडता येईल अशी.
म्हटलं, आडवी जागा आठ दिवस आधी मागावी लागते,
लेखी.
“हो का,” म्हणाला,
आणि बराच वेळ हातमोजाकडे बघत राहिला.
मग दोन बाकांचे पैसे मोजले.

मार्चमध्ये खड्डा उपसायला घेतला.
दोन हजार तीनशे अकरा.
निवडायचंही नव्हतं, नुसतं फेकायचं.
तेलाच्या आणि सोन्याच्या मधे
पाच पत्रं, एकाच हाताची.
‘बायकोला तार्तूच्या इस्पितळात न्यायचंय, तिला बसवत नाही.’
‘मागचं पोचलं का?’
‘आपण कामात असाल.’
चौथ्यात फक्त तारीख.
‘बर्फ धरलंय. मीच येतो.’

त्याच्या नावात एक अक्षर आहे,
ओ, आणि त्यावर लहानशी लाट.
आम्ही बेटावरचे ते नीट म्हणत नाही,
मुख्य भूमीवरचे हसतात आम्हाला.
पण लिहिताना लाट काढतोच.
त्याच्या जुन्या संगणकाला लाट पाठवता येईना,
म्हणून तो तिच्या जागी चिन्हं पाठवायचा:
बरोबर, प्रश्न, बरोबर, एफ, पाच.
सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात.
इथे काडी मी लावली होती,
पाव खात.

आब्रुकाला फोन केला. शेजारणीनं उचलला.
“गेले ना ते. बाकावर गादी घालून.
ती ओरडली नाही म्हणे, वाटभर.”
पुढचं मी विचारलं नाही,
तिनं सांगितलं नाही.

चौदावा पुसला नाही. कर्जवाले थांबलेत थोडेच?
त्याच्या वर एक नियम घातला,
कारण इथे ज्याचा नंबर आधी त्याचं आधी ऐकतात:
हे नाव, लाटेसह किंवा लाटेवाचून,
आलं की घंटा वाजव.

आणि नियमावर एक ओळ,
तिच्या तोंडाशी ती जाळीची खूण,
म्हणजे यंत्र ती न वाचता पुढे जातं:
विलेम कर्गे. बायको एन्ने. आडवी जागा.