मीठवाली

अशन्ना इराबत्ती टॉवेलच्या कारखान्यात ग्राफ काढायचे.
एक चौकोन म्हणजे एक धागा.
मोर, कमळ, गिऱ्हाइकाच्या लेकीचं नाव,
सगळं आधी लाल-निळ्या पेन्सिलीनं चौकोनांत बसायचं.
मग मी पुठ्ठ्यांना भोकं पाडायचो.

उरलेल्या ग्राफवर ते देश काढायचे.
देशाचं नाव तांबरण.
नऊ भाग छापले त्यांनी, पिवळट कागद,
पहिल्या पानाला चिकटवलेला घडीचा नकाशा.
तो वाचनालयातला पहिलाच वाचक फाडून न्यायचा.
म्हणून साखर पेठेतल्या आम्हा पोरांना
तांबरणची वाट तोंडपाठ:
उत्तरेला माळढोकांचं पठार,
मध्ये तळं, तळ्यात देऊळ,
तळ्याला खेटून राजा नसलेला किल्ला,
खाली दक्षिणेला नदी,
ती ओलांडली की माणसं दुसऱ्या भाषेत भांडतात.

मी म्हणालो, मास्तर, हे तर आपलंच सोलापूर.
ते म्हणाले, चादर उलटी करून बघ की.
लालचं पांढरं, पांढऱ्याचं लाल.
त्या बाजूचं आहे हे.

त्या बाजूला रणवेधा राहायची,
डावखुरी, नऊही भागांत.
तिचा घोडा दुसऱ्या भागात पांढरा
आणि पाचव्यात काळा होता.
(एकानंही तक्रार केली नाही.
आम्हाला वाटलं, धुळीचा गाव आहे, व्हायचंच.)
राजे बदलत राहिले, त्यांची नावं विसरलो.

आणि मीठवाली.
प्रत्येक भागात तिला फक्त अर्धं पान.
लढाईच्या आदल्या संध्याकाळी यायची,
गाढवाच्या पाठीवर मिठाची दोन पोती.
वेधा तलवारीला धार लावत बसलेली.
मीठवाली विचारायची, जेवलीस का?
उत्तराला थांबायची नाही.
नकाशात तिचं घर नव्हतं. तिला नावही नव्हतं.

तिसऱ्या भागात ती मेली.
पुलाखाली, पान एकशे बारा.
मी त्या दिवशी पुठ्ठ्याला चार भोकं चुकीची पाडली,
तीनशे टॉवेलांवरचे मोर एका डोळ्याने आंधळे निघाले.

चौथ्या भागात, पान चाळीस,
ती आली. गाढवासकट.

जिन्यातच गाठलं मास्तरांना.
ते काही बोलले नाहीत, मागापाशी घेऊन गेले,
खटखटाटात वर बोट दाखवलं.
पुठ्ठ्यांची माळ फिरत होती.
कानाशी येऊन ओरडले,
शेवटचा पुठ्ठा पहिल्याला शिवलेला असतो बे!
मोर संपतो की लगेच मोर सुरू होतो.
मागाला काय कळतंय कोण मेलं ते.

पुढं कारखाना बंद पडला. माग वजनावर गेले.
पुठ्ठे शेजारपाजारच्यांनी बंबात जाळले,
थंडीभर आमच्या गल्लीनं
मोरांच्या धगीवर आंघोळ केली.

मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला.
दहाव्या भागाचं विचारायला गेलो
तर ग्राफचा एक मोठा ताव उलगडला त्यांनी.
नकाशा तयार होता. गोष्ट नव्हती.
डोंगर, वेशी, सात फाट्यांचा एक रस्ता,
आणि उजवीकडे खाली हातभर कोरे चौकोन.
तिथं काय आहे, विचारलं.
म्हणाले, तिथवर धागा पुरला नाही.
चहा घेऊन जा.

आता मी रिक्षा चालवतो.
अक्कलकोट रस्ता, होटगी रस्ता, स्टेशन,
गावातला एकेक चौकोन पाठ आहे.
महिन्यातून एकदा आमच्या गल्लीत
हातगाडीवर खडेमीठ घेऊन एक बाई येते.
चाकाचा आवाज आला की मी पायात चप्पल न घालता धावतो.
घरात सात किलो मीठ पडून आहे,
बायको कपाळाला हात लावते.
ती बाई तोलते, पुडी बांधते, सुट्टे मोजते,
एकदा माझ्याकडे बघतेसुद्धा.

मी थांबून राहतो.
जेवलास का, असं अजून तरी तिनं विचारलेलं नाही.
म्हणजे लढाई लांब आहे.