लाभापासून अकरावा

यात हातचलाखी नाही, आधीच सांगतो.
माझे हात मापाड्याचे.
तीस वर्षं दोंडाईच्याच्या मिरचीबाजारात
गोण्या मोजतायत:
लाभ, दोन, तीन, चार.
एक म्हणायचं नसतं.
का, ते मलाही कुणी सांगितलं नाही.

कॅटही धड नाही.
बावन्नातले चौतीस उरलेत,
इस्पिकची राणी हमालांनी कुठे हरवली देव जाणे.
खेळाला एकवीसच लागतात.
म्हणूनच तर हा खेळ शिकलो.

दुपारी जेवणाची सुट्टी.
देठ खुडणाऱ्या बाया भाकरीचे हात झटकतात,
एक शिंकते, मग शेडभर शिंका,
परगावचा ट्रकवाला तोंडाला रुमाल बांधून
आधीच ठसकत बसलेला.
पालथ्या गोणीवर मी पत्ते मांडतो,
तीन रांगा, सात सात.
मनात एक धर. सांगू नको.
फक्त रांग दाखव.

दाखवलेली रांग मधे घ्यायची,
एस.टी.त दोन मावश्यांच्या मधे
दाबून बसवलेल्या पोरासारखी.
पुन्हा मांडायचं, पुन्हा विचारायचं, पुन्हा मधे.
तिसऱ्यांदा झालं की पत्ता
आपल्या पायांनी चालत
अकराव्या जागेवर येऊन बसलेला असतो.
मी आणत नाही. कुठला आहे
तेही मला उलटेपर्यंत ठाऊक नसतं.
मोजायला चुकायचं नाही, एवढंच माझं काम,
आणि डोळे मिटून ओठ हलवायचे.
लोकांना वाटतं मंत्र.
ओठांत असतं तेच, लाभ, दोन, तीन.

सगळे माझ्या हातांकडे बघतात तेव्हा.
एरवी काट्याकडे बघतात.

परवा पुढे सरकली कौतिकबाई, मालपूरची.
नखांत मिरचीचा लाल बसलेला,
म्हणून पत्त्यांना हात न लावता
वरूनच बोट दाखवायची:
ही.
ही.
आता ही.
मी मोजले. अकरावा उलटला,
चौकटची सत्ती.

"हाऊ नही," ती म्हणाली.

बाया हसल्या. ट्रकवाला खोकत खोकत हसला.
एखादी गोणी चुकली असेल माझी, नाही म्हणत नाही,
पण हा खेळ चुकत नाही.
परत मोजले. अकरावाच.
म्हटलं, बाई, रांग दाखवताना चुकलीस,
नाहीतर खोटं बोलतेस.

"मी ते धराच नव्हता," ती म्हणाली.
पत्ताच धरला नव्हता तिने.
मी विचारत गेलो,
ती बोट दाखवत गेली.
विचारलं की काहीतरी दाखवायचं,
आजवर असंच केलं, म्हणाली,
आणि लोकांचं कामही भागत आलं.

खेळाला फरक पडला नव्हता.
बोट दिसलं, रांग मधे गेली,
कुणाचा तरी पत्ता त्याने
वेळेवर आणून ठेवला होता.

तिने सत्ती उचलली, उन्हात धरली.
"आते हाऊ कोना?"

मी घसा खाकरला.
मिरचीचा खाट होता, दुसरं काही नाही.
तिने पत्ता तंबाखूच्या पिशवीत घातला
आणि ढिगाशी जाऊन बसली.

तेहेतीस उरले. सत्तीच्या जागी
मी किलवरचा गुलाम भरला.

आज घास संपायच्या आत तीच आली.
गोण पालथी करून म्हणाली, मांड.
"आज धरसू."
मांडले. तीन रांगा, सात सात.
ती वाकली.
पहिल्या रांगेवरून नजर दुसरीवर,
दुसरीवरून परत पहिलीवर,
गुलामापाशी थांबली, पुढे गेली,
एकदा हसली, मान हलवली, नाही म्हणाली,
कुणाला ते कळलं नाही.
बाया उठून कामाला लागल्या.
मुकादम हाक मारून गेला.
काट्यावर नवी गाडी लागली,
पहिली गोण चढली,
लाभ म्हणायला मला हाका आल्या.

थांब, ती म्हणाली. अजून बघते.
मी थांबलोय.
ओठ मिटून.