हवेतले यार्ड

रविवार, सकाळचे साडेदहा.
लेकवुडमध्ये, आमच्या गल्लीच्या तोंडाशी
फायर स्टेशनचा झेंडा आडवा ताणलेला,
म्हणजे वारा वीस मैलांच्या वर.
ईरी तळ्यावरून येतो तो, त्याला कुणाची भीड नाही.
लांबचा पास आज कापलेल्या पतंगासारखा जाणार.

टेबलावर निवलेला चहा, लॅपटॉप,
आणि पन्नास हजार खोटे डॉलर.
त्यात नऊ माणसं बसवायची.
आठ बसली. उरले चार हजार शंभर.
एवढ्यात धड रिसीव्हर येतो का, विचारते मी स्वतःलाच,
मेथीची जुडी उलटीपालटी करत विचारावं तसं.

येतो. डॅरियस पेन्ड्री.
वय सव्वीस, तिसरी टीम.
गेल्या तीन सामन्यांत बावीस वेळा चेंडू त्याच्या दिशेनं गेला,
हातात आला नऊ वेळा.
उरलेल्यांनाही हिशेबात नाव आहे: हवेतले यार्ड.
फेकले गेले, मोजले गेले,
पदरात पडले नाहीत.
असे माझेही बरेच निघतील.

इस्लामपूरला मामा पत्रिका जुळवायचे,
छत्तीसातले अठरा जमले की सुपारी फोडा म्हणायचे.
इथं मी उलटं स्थळ बघते.
समोरचा कॉर्नरबॅक असा हवा
की याचं त्याच्याशी मुळीच जमू नये.
छत्तीस गुण नकोत,
छत्तीसचा आकडा हवा:
तिनानं सहाकडे पाठ करून सुटावं
आणि तीन कधी वळला
ते सहाला कळूच नये.

समोर ऑल्सब्रुक आहे.
उंच, सरळ रेषेत वादळ,
पण डाव्या मांडीमागचा स्नायू दुखावलेला.
यादीत लिहिलंय, खेळेल.
सव्वीस वर्षं लोकांच्या मांड्या दाबल्यात मी,
'खेळेल' म्हणजे काय ते मला विचारा.
धावेल. वळताना दात आवळेल.

मिस्टर हॉलोवे, माझे मंगळवारचे पेशंट,
वय एकाहत्तर, उजवा गुडघा नवा,
कधीकाळी टोलेडोच्या कॉलेजात रिसीव्हर.
म्हणाले, डोळे फसवतात, खांदे फसवतात,
कंबर नाही. राखणारा कंबर बघतो.
"म्हणून मी कंबरेला थापा मारायला शिकवलं."
आणि वॉकर धरून, चपला फरफटवत,
दाखवलंसुद्धा.
मी मागून त्यांचा पट्टा घट्ट धरलेला,
तरी क्षणभर मला वाटलं, डावीकडे जातायत.

बारा चाळीस. झेंडा तसाच.
चार हजारांत दुसराही एक आहे,
छपराखालच्या मैदानावर खेळणारा,
चार झेल, चाळीस यार्ड, दर रविवारी,
मऊ भातासारखा. पोट बिघडत नाही.
बोट त्याच्या नावावर नेलं, मागे घेतलं.
एकला कुलूप लागलं.

तिसरा क्वार्टर.
पेन्ड्री दहा पावलं गेला, कंबरेनं आत गेला,
अंगानं बाहेर.
ऑल्सब्रुकची मांडी धरली गेली; मला सोफ्यावरून दिसलं.
तीन यार्ड मोकळा. आसपास चिटपाखरू नाही.
एक हात वर.
चेंडू दुसऱ्या बाजूला गेला.
कॅमेराही गेला त्याच्याबरोबर.
पडद्याच्या कडेला तेवढा हात राहिला थोडा वेळ,
वर्गात उत्तर येत असलेल्या,
बाईंनी न विचारलेल्या पोरासारखा.

हा तर हवेतलाही यार्ड नाही.
कुठेच नाही लिहिला जाणार.

शेवटी एक झेल, तेरा यार्ड.
दोन पूर्णांक तीन गुण.
आणि तो छपराखालचा भात?
पस्तीस गुण. दोन टचडाऊन.
रात्री भांडी घासताना मी नळाशी भांडले.

मंगळवारी मिस्टर हॉलोवेंनी विचारलं, किती?
मी आकडा सांगितला.
हसले नाहीत.
"मोकळा होता?"
होता. तीन यार्ड.
"वळताना?"
वळताना.
त्यांनी जिन्याचा कठडा धरला,
पहिल्या पायरीकडे पाहिलं, जसं समोर कुणी उभं आहे.
"मग पुढच्या आठवड्यात अजून स्वस्त मिळेल," म्हणाले.
मी म्हटलं, डावा पाय आधी.