नावाचा चौकोन

तेवीस शीट काढल्या मी त्याच्या.
आमच्या खोलीत टेबल नाही.
आईचं तेंदूपानाचं सूप सरकवून
फरशीवर पालथं पडून काढायची,
दर दहा रेघांनी पेन्सिलीला टोक करत.
पंचेचाळीस अंशातल्या बारीक समांतर रेघा
म्हणजे धातू इथं कापलाय असं समजायचं.
बोल्ट मात्र कापायचा नसतो.
आजूबाजूचं सगळं चिरलं तरी
तो अख्खाच दाखवायचा, असा नियम आहे.

खाली उजव्या कोपऱ्यात नावाचा चौकोन.
तिथं मी लिहायची, ठशीव अक्षरात,
विश्वजित म. होनमाने.
तेवीस वेळा.
मला ते लग्नपत्रिकेच्या जवळपासचं काही वाटायचं.
हसा.
मी एकोणीस वर्षांची होते.

एकदा फीला अठराशे कमी पडले त्याला.
आईच्या डब्यातून दिले.
अठराशे म्हणजे नऊ हजार विड्या,
हा हिशोब मी नंतर केला.
तळ्याच्या कट्ट्यावर नोटा खिशात घालत तो म्हणाला,
"तू आहेस म्हणून."
वाक्य तिथंच संपलं होतं.
पुढचं मी घरी येऊन पूर्ण करायची,
रोज वेगळं.

खोटं बोलला नाही तो. हे सांगायला पाहिजे.
सात रस्त्याला रसाच्या गाड्यावर
सोबतच्या मुलीला म्हणाला,
"ही आमच्या वर्गातली. शीट भारी काढते."
यात खोटं काय आहे?
मी मान हलवली.
रसाचे पैसे दिले, तिघांचे.
ऊन एवढं की नाण्यांचा चटका बसला
आणि घरापर्यंत चालत आले, अशोक चौकातून,
सगळ्या मागांचा खडखडाट अंगावर घेत.

घरात प्रत्येकाकडं धंद्यातली एक शिकवण असते.
नायना म्हणाले, ताण्याचा एक दोरा तुटला
की पत्ती पडते, माग थांबतो.
न थांबणारा माग दोषच विणत बसतो, वारच्या वार.
आई म्हणाली, मुकादम छाट काढणार हे धरून
मी हजारामागं चाळीस जास्त वळते.
मग पान कातरता कातरता, माझ्याकडं न बघता,
"पोनी," म्हणाली. जाऊ दे.
अठराशेचं तिला माहीत होतं का,
अजून कळलेलं नाही मला.

आणि मी महिनाभर पत्ती शोधत राहिले
माझ्यात कुठं बसवायची राहिली ती.
त्याला नावं ठेवली. मैत्रिणींनी साथ दिली.
बरं वाटायचं, संध्याकाळपर्यंत.

मग पाचव्या दिवसाचं पाणी आलं, रात्री दोनला.
नेहमीसारखा इरण्णा उठला शेजारचा,
त्यांच्या आधी आमची पाइप लावली,
पिंप भरलं, घागरी भरल्या,
बनियन भिजलेलं, डोळ्यांत झोप.
तीन वर्षं भरतोय.
शीटचा कागद आणायला नव्या पेठेत
त्याच्याच गाडीवर गेले मी, कितीदा.
पेट्रोल कुणाचं, विचारलं नाही.
कागद कुणासाठी, त्यानं विचारलं नाही.

शेवटची घागर उंबऱ्याच्या आत ठेवताना
सवयीनं माझ्या तोंडून निघालं,
"तू आहेस म्हणून, इरण्णा..."

आणि ऐकू आलं मला.
आधी हजारदा म्हटलेलं, पहिल्यांदा ऐकू आलं.
पुढं काही नव्हतं त्या वाक्यात.
तो उभा होता, घागरीचा काठ धरून,
पुढचं कुणीतरी बोलेल म्हणून.

आता इथं मी काय करायला हवं होतं?
प्रेम काही पिंपातून काढून देता येत नाही.
माफी मागितली तर त्याला कळलं असतं
की मला सगळं कळत होतं.

म्हटलं, "उद्यापासून आमचं आम्ही भरू."
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "उद्या कुठलं पाणी?
आता पाच दिवसांनी."

मी हसले. तो हसला नाही.
नळ अजून चालू होता,
त्यांची एकही घागर भरली नव्हती.
मी पाइप काढली, त्यांच्या पिंपात सोडली
आणि भरेपर्यंत थांबले.