ऐच्छिक

फॉर्मच्या पहिल्याच ओळीत छापलं होतं :
ही परीक्षा ऐच्छिक आहे.
टिपणीस वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,
"मग देतेस कशाला?"
आणि पुन्हा कैफियतीत डोकं घातलं.
उलटतपासणीतला प्रश्न होता तो,
उत्तराची वाट न पाहणारा.

एकवीस वर्षं मी कोर्ट नाक्यावर,
झेरॉक्सच्या दुकानावरल्या पोटमाळ्यात
दुसऱ्यांच्या भांडणांना पानक्रमांक घालते.
निशाणी पाच, निशाणी सतरा,
मूळ प्रत, खरी नक्कल,
हिरव्या कागदाला दाभणाने भोक, त्यातून पांढरा दोरा,
गाठ मागच्या बाजूला.

ही गाठ गुरुनाथ भोईरांची.
गाठ पुढून दिसली, म्हणायचे,
की फाईल उघडायच्या आधीच आपण हरलो.
त्यांच्याकडे कसलाच कागद नव्हता.
ते वारले तेव्हा बार रूममध्ये
दोन मिनिटं कोणी उभं राहिलं नाही,
तो मान काळ्या कोटाचा.
खिडकीवरून मात्र त्या आठवड्यात
तीन फायली परत आल्या,
दोरा सैल म्हणून.

मला पक्षकार मॅडम म्हणतात.
शिपाई म्हणतात टिपणीसांची बाई,
आणि हसतात किंवा हसत नाहीत.
बँकेच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात
मी आजवर लिहीत आले : इतर.

परीक्षा वाशीला, रविवारी,
तिसऱ्या मजल्यावर, पोरांच्या मापाच्या बाकांवर.
आम्ही अकरा जण.
शेजारी भिवंडीची एक मुलगी, सातवा महिना,
ती प्रत्येक पानागणिक चिक्कीचा एक तुकडा मोडत होती.
मुदतीचे प्रश्न, मुद्रांकाचे, गोपनीयतेचे,
आणि त्र्याहत्तरावा :
पक्षकाराने विचारले, "मी काय करू?" तर आपण —
खाली चार गोल.

पेन तिथे थांबलं.

कारण शुक्रवारीच हे हिराबाई नाखवांनी विचारलं होतं.
चेंदणीच्या. बोटांना सुकटीचा वास,
पिशवीत निकालाची नक्कल, घडीवर घडी,
सुकटीसारखीच वाळवून ठेवलेली.
"बाय गो, मी आता काय करू?"
मला माहीत होतं.
अपील. तीस दिवस. नकलेचे दिवस वजा.
बोटांवर मोजलं : गुरुवार.
टिपणीस नागपूरला, फोन बंद.
एकवीस वर्षं जे जिन्याखाली हळू आवाजात
सांगत आले, ते ओठांवर आलं,
आणि अभ्यासाच्या पुस्तकातली एक ओळ
त्याच्या आडवी झाली.

मी म्हटलं, सल्ला देणं माझं काम नाही.
त्यांचा चेहरा मी पाहिला नाही,
कारण मी भिंतीवरचं नोव्हेंबरचं पान फाडत होते.
गुरुवारभोवती लाल गोल केला.
म्हटलं, सर बुधवारी येतील.
हे घेऊन या. हे आधी दाखवा.
मग नक्कल.

वाशीत मी "क" चा गोल काळा केला :
वकिलांकडे पाठवीन.
एक गुण.
अर्धा कापायला हवा होता की काय,
अजून कळत नाही.

प्रमाणपत्र जानेवारीत आलं.
माझ्या नावात वेलांटी चुकलेली,
ती दुरुस्त करायला वेगळा अर्ज, तोही ऐच्छिक.
पगार तोच. पोटमाळा तोच.
टिपणीस म्हणाले, छान, फ्रेम करून घे,
आणि लगेच, जुनं कॅलेंडर कुठाय गं,
मला एक मुदत मोजायचीय.
खिळ्यावरून काढून त्यांनी पानं उलटली,
ऑक्टोबर, डिसेंबर.
"नोव्हेंबर कुठे गेला?"

नाखवांच्या फायलीत, सर. आपल्या ऑफिसच्या प्रतीत.
त्यांनी परत आणून दिलं होतं.
मी शिवून टाकलं.