कोण जागं आहे?

मोयनाकला समुद्र होता तेव्हा
सासरे रात्रभर नावेच्या नाळेवर बसत,
आणि खालून, जाळ्यांच्या ढिगातून,
कुणीतरी झोपेत ओरडे : कोण जागं आहे?
येरनझर म्हणत, मी.
एवढंच. मी.
आणि बारा माणसं पुन्हा घोरू लागत,
मरणापासून एका फळीच्या अंतरावर.

माझं नाव उलबोसिन. म्हणजे, मुलगा होवो.
तीन मुलींनंतर आईनं चौथीच्या गळ्यात बांधलेला नवस.
खुदा, तू माझ्याकडे पाहिलंस
तेही माझ्या खांद्यावरून,
मागून दुसरं कुणी येतंय का, असं
मी बरीच वर्षं धरून चालले.

मग समुद्र गेला.
एका दिवसात नाही. पाहुणा जसा
आधी चपला शोधतो, मग दारात बोलत उभा राहतो,
तसा, रेंगाळत.
नदी कापसानं पिऊन टाकली.
ओराझ रोज सकाळी पाण्यापर्यंत थोडं जास्त चालायचा,
आणि एके दिवशी दुपारीच परत आला,
बूट कोरडे.
त्याची नाव अजून तिथंच आहे, वाळूत कुशीवर.
तिच्या सावलीत गायी बसतात.
ओराझ तिच्याआधी गंजला.

आज पांढऱ्या वाऱ्याची तिसरी रात्र.
मीठ उंबऱ्यात, मीठ पिठात, मीठ पापण्यांत.
फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या
तरी दिव्याभोवती काहीतरी भुरभुरत राहतं.
लेकाचं पोर, दाउलेत, सात वर्षांचं.
त्याच्या छातीत कुणीतरी सुकं लाकूड करवततंय.
आईबाप अल्माटीत लोकांच्या भिंती रंगवतात.
रस्ता बंद. डॉक्टरीण फोनवर म्हणाली,
वाफ द्या, उशी उंच करा, सकाळी बघू.
सकाळ हा किती लांबचा गाव
ते उशाशी बसणाऱ्यालाच ठाऊक.

मी तुला मोठ्यानं विचारलं, खुदा,
पोर दचकेल याची पर्वा न करता :
समुद्र निघाला तेव्हा तुझा डोळा लागला होता का?
तू बोलला नाहीस.
वारा बोलत राहिला. त्याला कुठं कळतं गप्प बसायचं.

तेवढ्यात पोर ग्लानीत पुटपुटलं,
(गोष्ट मीच सांगितली असणार कधीतरी)
आजी, कोण जागं आहे?
मी, म्हटलं.
आणि ते झोपलं. खरंच झोपलं.
करवत थोडी हळू झाली.

त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले
तेव्हा ध्यानात आलं,
येरनझर काही वारा थांबवत नसत.
लाटा त्यांच्या ऐकण्यातल्या नव्हत्याच.
दोनदा तर नाव उलटलीही होती.
ते नुसते जागे असत.
तेवढ्या भरवशावर बारा माणसं झोपत.

मग मीही विचारलं, अगदी हळू,
या वयात लाज वाटावी इतकं हळू :
कोण जागं आहे?

आवाज आला नाही. येणार नव्हताच.
पण तीन रात्री ताठ धरलेली माझी मान
भिंतीला टेकली,
कुणाच्या तरी गुडघ्याला टेकावी तशी.
म्हटलं, बरं. आता थोडा वेळ तू बस पोरापाशी.
वाफेचं पाणी चुलीवर आहे.
मधूनमधून त्याची कूस बदल.
मला पहाटे उठव.

उठवलं कुणीच नाही. ऊन चांगलं वर आलेलं,
वारा पडलेला, अंगण गिरणीसारखं पांढरं.
पोर उशीला टेकून बसलं होतं, खोकत, भुकेलं,
आणि त्याचं पांघरूण माझ्या पायांवर होतं.
तू घातलंस का रे?
म्हणालं, नाही. मग म्हणालं, आठवत नाही.
मी खोदून विचारलं नाही.
चहा टाकला.
त्यातही मीठ होतं, थोडं.