वेग कमी करताना

सॉरखाच्या हातात चकती आहे, गाण्यांची नाही.
पारदर्शक, तळहाताएवढी,
आत केसाएवढ्या वाटा कोरलेल्या
आणि मधल्या खळग्यात
सकाळी तळ्यातून आणलेल्या पाण्याचे दोन थेंब.
शेतांतलं खत तळ्यात किती उतरलं
ते हे पाणी निळं होऊन सांगणार आहे.
सांगितलं तर.

रॉसकॉमनला नोव्हेंबरात पाचालाच काळोख.
मोटर सुरू होते.
पंप नाही, तोटी नाही,
फक्त फिरणं, आणि फिरण्याचा बाहेर ओढणारा हात.
आठशे फेऱ्यांना पाणी अरुंद गळ्याशी येऊन थबकतं,
बोलावल्याशिवाय आत न येणाऱ्या पाहुण्यासारखं.
बाराशेला गळा सोडतो.
इथवर सगळं वहीप्रमाणे.

पुढची वाट मात्र मागे वळते,
मध्याकडे चढते, मग उतरते.
वहीत लिहिलंय: इथे सहाशेवर आण, दहा सेकंद.
आणलं. तीन आठवडे आणतेय.
कुठे पाणी मुरतंय कळेना.
आज वैतागून तिने उलट वेग वाढवला,
दोन हजार, तीन,
साडेतीनला चकतीची कड उकलली
आणि औषधाचे शिंतोडे बाहीवर, चष्म्यावर,
कॅलेंडरातल्या गायीच्या नाकावर.

वडील न्यायला आले होते, टोपी हातात.
याच इमारतीत एकतीस वर्षं
त्यांनी दूध फिरवून साय काढली.
"बाहेर ऐकू येत होतं," म्हणाले,
"श्वासच घेऊ देत नाहीस तू त्याला."
चकतीतलं त्यांना काही कळत नव्हतं.

तिने दुसरी बसवली.
बाराशे. मग सहाशे.
मग, कुणाशी तरी भांडल्यासारखं, शंभर.
आणि दहा सेकंद नाही, चाळीस.

ओढणारा हात सैल झाला.
भिंतींना बिलगत, कुणी न ढकलता,
पाणी आतल्या बाजूला चढू लागलं,
माथ्यावर जरा रेंगाळलं
आणि पलीकडे वाकलं.
मग वेग दिला तशी
मागचं सगळं त्याच्या शेपटीला धरून आलं.

शेवटच्या खोलीत निळं.
फिकट नाही, चांगलं गडद.
"तळं आजारी आहे!" ती ओरडली,
आणि आपल्याच आवाजातल्या आनंदाने ओशाळली.

"कुठलं तळं?"
"आपल्या उताराखालचं."

त्यांनी टोपी घातली.
पुन्हा काढली.
मोटर अजून फिरत होती,
आता हळू, आपली आपणच.